सुबाभळीखालचा आवळा

मामाजी, सहा वर्षं दर कार्तिकात मी तुम्हाला ज्या झाडाखाली आवळीभोजनाला बसवलं, ते झाड आवळ्याचं नव्हतं. मला हे मागच्या रविवारी कळलं. तुम्हाला पहिल्याच वर्षी, गाडीतून उतरता उतरता कळलं होतं.

खरं तर हे मी तुमच्यासमोर बसून कबूल करायला हवं होतं आणि तुम्ही धोतराचा सोगा तोंडाशी धरून हसायला हवं होतं. पण तुम्ही श्रावणात गेलात आणि मला अक्कल कार्तिकात आली. माझं सगळंच असं तीन महिने उशिरा.

सुबाभूळ होती ती. बकऱ्यांचा पाला. आणि तिला आवळा म्हणणारा तुमचा जावई बारा वर्षं शेतीखात्याच्या कचेरीत टेबलाशी बसतो. फळबागांच्या फायली माझ्या हाताखालून जातात. आवळ्याच्या दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, खड्डा किती खोल घ्यायचा, हे मी झोपेतही सांगेन. झाड तेवढं कागदावरच पाहिलेलं.

तुम्हाला आठवत असेल, लग्नानंतर तीन वर्षं तुम्ही माझ्या घरचं पाणी प्यायला नाहीत. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरी बापानं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. मला ती माहीत होती, पण ती माझ्याच घराला लागू होईल असं वाटलं नव्हतं. पिंपळगाव राजाहून निघायचं, मोताळ्याला बस बदलायची, बुलडाण्याला उतरून मनीषाच्या हातात तूरडाळीची पिशवी द्यायची आणि चहा मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत. मी समजलो, सासऱ्याला आपण पसंत नाही. एकदा चिडून मीही तुमच्या मागोमाग टपरीत आलो आणि बाकावर तुमच्याशेजारी बसून चहा मागवला. घर दहा पावलांवर असताना सासरा आणि जावई बाहेर चहा पिताना बघून गल्लीत दोन दिवस चर्चा चालली की मनीषानं दोघांनाही हाकललंय.

मग मुक्ता झाली. बारशाच्या पंगतीत तुम्ही आमच्या घरचा पहिला घास घेतलात आणि मला म्हणालात, "आता बसलो मी. आता उठवून दाखवा."

तेव्हापासून सोयाबीन निघालं, कपाशीचा पहिला वेचा घरात आला, हरभरा पेरून झाला, की तुम्ही आणि मामी चार दिवस आमच्याकडे. नातवंडांसोबत तुम्ही घरात बसलेले मला आवडायचे, पण चार दिवस घरात बसणारे तुम्ही नव्हेत. दुसऱ्या दिवशीच तुम्ही बाल्कनीतल्या तुळशीची माती उकरायला लागायचे. म्हणून मुक्ता तीन वर्षांची असताना मी टूम काढली. कार्तिक आहे, आवळ्याखाली जेवू, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजू.

"झाड आहे माझ्या पाहण्यातलं," मी म्हणालो. "राजूरचा घाट उतरला की डाव्या हाताला. ओळखीच्या माणसाचा बांध आहे. चांगलं डेरेदार आहे."

"आवळा?" तुम्ही विचारलंत.

"आवळाच."

"मंग चाला."

त्या दिवशीचं आता सगळं वेगळं दिसतंय, मामाजी. एकच नाटक दुसऱ्या बाजूनं बघावं तसं. तुम्ही गाडीतून उतरलात, टोपी काढलीत, वर पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, झाडाच्या थोरवीनं भारावलात. मुक्तानं विचारलं, "पप्पा, आवळे कुठे आहेत?" आणि मी, शेतीखात्याचा माणूस, एका क्षणात उत्तर दिलं, "हा नर आवळा आहे बेटा. नराला फळ धरत नाही."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, धूर लागला. गोवऱ्या तर अजून पेटल्याही नव्हत्या.

मनीषा म्हणाली, "अन् ह्या शेंगा कशाच्या लोंबतात?"

"वेल चढलाय एखादा," मी म्हणालो.

ती पाणी आणायला म्हणून ओढ्याकडे गेली, ती पाऊण तासानं आली. डोळे लाल होते. मी म्हणालो, उन्हाचं फिरू नये.

तुम्ही मात्र चार दगड मांडलेत, गोवऱ्या रचल्यात, मामींनी पीठ मळलं. गोवऱ्यांचा धूर सरून लाल फूल झाल्याशिवाय रोडगा आत टाकू दिला नाहीत. जेवायला बसायच्या आधी झाडाला हळद-कुंकू वाहताना तुम्ही बुडाशी वाकलात, पाला चाळवल्यासारखं केलंत आणि हात वर केलात. हातात एक टपोरा आवळा.

"सापडला, जावईबुवा," तुम्ही म्हणालात. "नर हाये, पन एखादा धरते."

मी माझ्या आयुष्यात इतका ताठ बसून कधी जेवलो नाही. पुढची पाच वर्षं तो आवळा माझा पुरावा होता. कचेरीत कोणी म्हणालं की आवळ्यात नर-मादी असं काही नसतं, तर मी म्हणायचो, पुस्तक सोडा, माझ्या सासऱ्याला दरवर्षी बुडाशी एकच सापडतो, शेतकरी माणूस आहे तो.

दरवर्षी एकच. आणि मला कधी शंका आली नाही.

बाकीच्या वर्षांत मी काय काय केलं याची यादी तुमच्याकडे असेलच. एका वर्षी पाण्याचा कॅन गोवऱ्यांच्या पोत्यावर आडवा ठेवला आणि झाकण सैल होतं. त्या वर्षी आपण शेजारच्या शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मागून आणल्या. एका वर्षी मी हट्टानं म्हणालो, रोडगे मी भाजतो, आणि जाळ असतानाच आत ढकलले. बाहेरून कोळसा, आतून कणीक. लेकरांना मनीषानं केळी दिली. तुम्ही तो कोळसा फडक्यानं पुसलात, हातानं चुरलात, वर तूप सोडलंत आणि म्हणालात, "खरपूस झाला." दुसराही मागितलात. आरुष दोन वर्षांचा असताना घाटातल्या तिसऱ्या वळणावर तुमच्या धोतरावर ओकला. मी गाडी थांबवून दहा वेळा माफी मागितली. तुम्ही त्याला उचलून रस्त्याच्या कडेला नेलंत आणि त्याला म्हणालात, "काऊन बे, आबाजीचंच धोतर सापडलं तुले? बापाचा शर्ट काय वाईट होता?" तो हसला. परत येताना तो माझ्या शर्टावर ओकला. तेव्हापासून मला संशय आहे की तुम्ही त्याच्या कानात काही सांगितलं होतं.

घाटात तुम्ही सीताफळ घ्यायला लागलात की टोपली घेऊन बसलेली बाई तुमच्याकडे कौतुकानं बघायची. अंगठा न दाबता नुसतं डोळे बघून तुम्ही सांगायचे, हे उद्याचं, हे परवाचं, हे आज घाटातच फोडा. मी निवडलेली सीताफळं आठवडाभर दगड राहायची आणि मग एका दुपारी सगळी एकदम काळी पडायची. मुक्तानं त्यांना नाव दिलं होतं, पप्पाफळं.

आणि मग मागचं वर्ष. ते लिहायचं म्हणून खरं तर बसलो.

मागच्या वर्षी जेवणं झाल्यावर मी उरलेल्या गोवऱ्या पोत्यात भरून डिकीत टाकल्या. त्यातली एक आतून जिवंत होती. घाटाच्या मध्यावर गाडीत धूर. सगळे रस्त्यावर. मनीषानं लेकरांना ओढून लांब नेलं, मी "पाणी, पाणी" म्हणत गाडीभोवती फिरत होतो, आणि तुम्ही शांतपणे ताकाची बरणी उचललीत आणि पोत्यावर ओतलीत. डिकीला अजूनही ताकाचा वास येतो. येऊ दे.

माझी लाज रागाच्या रूपानं बाहेर पडली. नेहमी तशीच पडते. मी म्हणालो, "बस झालं हे. पुढच्या वर्षी हॉटेलात जाऊ. वर पंखा, खाली खुर्ची. हा धूर, ही राख, कोणी सांगितलंय?"

तुम्ही रिकामी बरणी पुसत होतात. "हाटेलात आवळा असते काय?"

"लोणच्यात असतो," मी म्हणालो.

लेकरं हसली. मनीषा हसली नाही. तुम्ही घाटाखाली बघत म्हणालात, "पाहू." आणि तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर खिडकीतून, बस हलताना, "मंग हाटेल पाहून ठेवा, जावईबुवा."

मी हात हलवला. एवढंच. तिथे म्हणता आलं असतं की मामाजी, रागात बोललो. बस हळूहळू निघाली होती, चार पावलं पळत जाऊन म्हणता आलं असतं. पण मी हात हलवला आणि पार्किंगमधून गाडी काढताना मागच्या रिक्षाला ठोकली.

आजारपणाचं, दवाखान्याचं इथे काही लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. शेवटचा भेटायला आलो तेव्हा ठरवून आलो होतो, आज म्हणायचं, हॉटेल नको. तुमच्या खाटेशी बसून मी अर्धा तास गाडीच्या टायरबद्दल बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मध्ये एकदा विचारलंत, "डिकी वासते काय अजून?" मी म्हणालो, थोडी. तुम्ही डोळे मिटून हसलात. तेव्हाही मी टायरवरच राहिलो.

दिवाळी आम्ही केली नाही. मामी गावाकडेच. मनीषाची भावजय फोनवर सांगायची, मामी उंबऱ्याबाहेर येत नाहीत, ताटात अर्धी भाकर वाढली तर तीही उरते, कोणी बोलवायला आलं तर कूस वळवून घेतात. मनीषा दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा रडत परत आली. मग कार्तिक लागला आणि एका सकाळी मुक्तानं दप्तर भरता भरता विचारलं, "आबाजी नाहीत म्हणजे आता झाडाखाली जायचंच नाही का? कधीच?"

मनीषा म्हणाली, "वर्ष व्हायचं आहे अजून. सण करत नाहीत."

मी म्हणालो, "सण नाही करायचा. जेवायचं आहे. आणि तुझी आई येणार आहे."

"ती नाही यायची."

"येईल," मी म्हणालो. मामाजी, मी खूप गोष्टी अर्धवट ठरवल्या आयुष्यात. ही पुरी ठरवली. तुम्ही हयात असताना मला जे चार पावलं पळून जमलं नाही, ते करायचं तर आता मामींपर्यंत पळायचं, एवढं मला कळलं होतं.

सरळ बोलावलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. म्हणून मी फोन करायला लागलो. पहिल्या दिवशी विचारलं, "मामी, रोडग्याचं पीठ जाडं दळायचं की बारीक?" त्या म्हणाल्या, "मनीषाले विचारा." दुसऱ्या दिवशी विचारलं, "मोहन तेलाचं की तुपाचं?" उत्तर आलं, "तेलाचं. मूठ वळली पाह्यजे." हे दोन फोन मुद्दाम केलेले होते, कबूल करतो. तिसरा खरोखरच्या अज्ञानातून होता.

"मामी, गोवऱ्या आल्या. एका माणसाला किती लागतात?"

"कोठून आनल्या?"

"ऑनलाइन मागवल्या. डब्यात येतात. बारा आहेत. सगळ्या एकसारख्या गोल."

  मामी म्हणाल्या, "डब्यात?"

"हो. वर प्लॅस्टिकही आहे."

"बारा गोवऱ्यायवर चार मानसायचे रोडगे करून राह्यले तुमी?"

"वाढवू का?"

"काही करू नोका. हात लावू नोका कशाले. मी येते. गोवऱ्या घेऊन येते."

शनिवारी मी गाडी घेऊन पिंपळगावला गेलो. मामी तीन महिन्यांनी उंबरा ओलांडून ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी गोवऱ्यांचं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. गाडीत बसताना डिकीकडे बघून म्हणाल्या, "पोतं मी पायाशी ठेवते. तुमच्या डिकीत नाही." पूर्ण रस्ता त्यांनी पोतं दोन्ही पायांत धरून ठेवलं. मी टायरचा विषय काढला नाही.

रविवारी झाडाखाली पोचलो. मामींनी दगड मांडले, तुमचेच, तिथेच पडलेले होते, एका बाजूनं काळे. गोवऱ्या पेटल्या, धूर सरला, मामींनी पीठ मळलं. त्यांनी स्वतःसाठी ताट काढलं नव्हतं, ते मी बघितलं. चार ताटं होती. मनीषानंही बघितलं. 

हळद-कुंकू झालं आणि मी उत्साहात येऊन आरुषला म्हणालो, "चल, आवळा शोध. आबाजींना दरवर्षी सापडायचा. बुडाशी बघ, पाल्यात."

पोरगं गुडघ्यावर बसून पाला उकरायला लागलं. मीही बसलो. आम्ही बापलेकांनी झाडाला दोन फेऱ्या घातल्या. आरुषचा ओठ खाली यायला लागला. "आबाजी नाहीत म्हणून धरला नाही का?" त्यानं विचारलं. मी नर-मादीचं शास्त्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा पाला उकरायला लागलो.

मुक्ता शोधत नव्हती. ती आजीजवळ जाऊन उभी होती आणि आजीच्या कमरेच्या पिशवीकडे बघत होती. मामींनी तिच्याकडे पाहिलं, पिशवीची नाडी सोडली आणि आत हात घातला.

"हे घे," त्या आरुषला म्हणाल्या. "ठेव बुडाशी. मंग सापडला म्हन."

एक आवळा. टपोरा. दर साली होता तसाच.

मी राखेत हात टेकून बसलो होतो. "मामी, हे झाड..."

"सुबाभूळ हाये," मामी म्हणाल्या. "बकऱ्यायचा पाला. पहिल्या साली चटनीसाठी आनलेल्यातला एक त्यायच्या खिशात होता. मंग दर साली घरून नेत. मी म्हनलं सांगून द्या. ते म्हनत, जावयाले लेकरायपुढं खोटं पाडू नये. घरी जाऊन दोन दिवस हासत."

मी मनीषाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"शेतकऱ्याची पोरगी आहे मी," ती म्हणाली. "बाबांनी शपथ घातली होती. तुम्हाला काय वाटलं, मी दरवर्षी ओढ्यावर पाऊण तास पाणी भरते?"

"मला दुसरीत कळलं," मुक्ता म्हणाली. "आबाजी म्हणाले, पप्पांना सांगू नको, त्यांनी शोधलेलं झाड आहे."

मामाजी, म्हणजे ज्या लेकरांपुढे मी खोटा पडू नये म्हणून हे चाललं होतं, त्यातलं एक लेकरू तुमच्याच बाजूला होतं. सहा वर्षं एका माणसाचं हसं होऊ नये म्हणून अख्खं घर तोंडाला पदर लावून बसलं होतं. आणि मी त्या घराला म्हणालो होतो, हॉटेलात जाऊ.

ते मी मामींना तिथेच विचारलं. राखेतच बसून. "मागच्या वर्षी हॉटेलचं बोललो, ते मामाजींना लागलं होतं का?"

मामी रोडगे फडक्यानं पुसत होत्या. हात थांबवला नाही. "लागलं त. बसमधी मोताळ्यापर्यंत बोलले नाही. मंग म्हनाले, येतीन जावईबुवा झाडाखालीच. झाड त्यायनं शोधलं हाये ना, सोडनार नाही."

असं तुम्ही म्हणालात. मी टायरबद्दल बोलत होतो त्या अर्ध्या तासात तुम्हाला हे आधीच माहीत होतं. मी जे म्हणायचं राहून गेलं म्हणून तीन महिने झुरत होतो, ते तुम्ही माझ्या वतीनं मोताळ्यालाच म्हणून मोकळे झाला होतात. तुमचं असं काही हाती आलं की रडावं का चिडावं ते कळत नाही. मी दोन्ही केलं. आरुष म्हणाला, "पप्पाला धूर लागला," आणि मला वाटतं, आमच्या घरी ही ओळ आता पुढची पिढीही वापरणार.

मी उठून पाचवं ताट वाढलं. रोडगा चुरला, वरण घातलं, तूप सोडलं आणि मामींसमोर ठेवलं. त्या नको म्हणायच्या आत मुक्ता त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. "आजी, आवळा तर सापडला. आता जेवावं लागतं."

मामी जेवल्या. पूर्ण रोडगा. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. ती भाजी मी केली होती, आणि तीन महिन्यांत इतकं चांगलं मी काही ऐकलं नव्हतं.

तर मामाजी, ठरलं ते असं. झाड तेच. सुबाभूळ तर सुबाभूळ. आवळा माझ्याच खिशातून जाईल, आणि आरुषला जोवर गंमत वाटते तोवर त्यालाच सापडत राहील. शाळेत तो कोणाला खरं सांगणार नाही, अशी व्यवस्था मुक्ता करणार आहे. हॉटेलचं नाव या घरात कोणी काढणार नाही, मी तर नाहीच. गोवऱ्या विझल्याची खात्री मनीषा करणार.

निघताना मला आणखी एक सुचलं. मी मामींना म्हणालो, "पुढच्या वर्षी इथेच बांधावर, सुबाभळीच्या शेजारी, एक खरा आवळा लावू. कचेरीच्या ओळखीतून चांगलं रोप आणतो."

मामी गाडीत बसल्या होत्या, रिकामं पोतं घडी घालून मांडीवर. त्यांनी दार ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"रोप मी घेऊन येईन, जावईबुवा. तुमी फक्त खड्डा खंदा. तुमी आनसान त बाभूळ निघन."